विचार करू नकोस म्हणे!

फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात मी विळीची गोष्ट सांगायला बसले आहे, याबद्दल वाचकांनी राग मानू नये. सणाच्या निमित्ताने घरात चार माणसे जमतात, आणि चार माणसे जमली की त्यांतले एक तरी कोणाला तरी म्हणतेच, “अगं, इतका विचार करू नकोस!” माझे भांडण या वाक्याशी आहे. लोक समजतात तितके ते निरुपद्रवी नाही. माझ्या आयुष्यातले आठ महिने त्याने खाल्ले आहेत.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. तिला स्वयंपाकघरात दुपट्यावर निजवून मी दुधी चिरत होते. एकाएकी मनात आले, ही विळी हिला लागली तर? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, मीच लावली तर? माझ्या हातातला दुधी गळून पडला. मुलीला उचलून मी बाहेरच्या खोलीत पळाले. त्या रात्री सगळे निजल्यावर विळी माळ्यावर जुन्या ट्रंकेमागे दडवून ठेवली.

त्यानंतर आमच्या घरात उसळी आणि आमटी यांचेच राज्य सुरू झाले. सासूबाई विचारीत, “अगं, बाजारातल्या भाज्या संपल्या की काय?” मी हसून वेळ मारून नेई. पण पुढे मुलीजवळ एकटीने बसणेही मी टाळू लागले. तिला न्हाऊ घालण्याचे काम सासूबाईंवर सोपवले. शेजारच्या काकू म्हणाल्या, हिला लेकीचा लळाच नाही. लेकीला काही होईल या धास्तीने जिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, तिच्यावर हा शेरा!

शेवटी धीर करून मी सासूबाईंना अर्धेमुर्धे सांगितले. त्यांनी आधी माझी दृष्ट काढली आणि मग म्हणाल्या, “आईच्या मनात असले कधी येते का? विचार करू नकोस. नामस्मरण कर.” त्यांची माया खोटी नव्हती. मी नामस्मरण सुरू केले. विचार आला की १०८ वेळा नाव घ्यायचे, आणि मध्येच तो पुन्हा आला की पहिल्यापासून मोजायचे. दुपारच्या दुपार त्यात जाऊ लागल्या. देवाचे नाव आनंदाने घ्यावे. मी ते दाराला कडी लावावी तसे घेत होते, आणि दारापलीकडे कोण उभे आहे याची आठवण ती कडीच मला करून देत होती.

मग यांना सगळे सांगितले. हे म्हणाले, “तू असे कधीही करणार नाहीस.” मला फार बरे वाटले, पण पाच मिनिटेच. मग मी पुन्हा विचारले. दिवसातून वीस वीस वेळा विचारू लागले. प्रत्येक उत्तराची पुण्याई आधीच्यापेक्षा लवकर संपे.

आता सांगा, यात चुकीचे कोण वागले? कोणीच नाही. आणि तरीही सगळ्यांनी मिळून मला खड्ड्यात अधिक खोल ढकलले.

आपल्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. एक वैदू रोग्याला औषध देतो आणि बजावतो, हे घेताना माकड मनात आणायचे नाही. बिचाऱ्याला जन्मभर ते औषध घेता येत नाही. मी शाळेत मुलांना ही गोष्ट सांगून म्हणते, “आता कोणी माकड आठवायचे नाही हं!” सगळा वर्ग हसत सुटतो. सहा वर्षांच्या पोरांना जे कळते, ते साठ वर्षांच्या शहाण्यांना का कळू नये? अमेरिकेत डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली हेच प्रयोग करून दाखवले. विद्यार्थ्यांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि तो आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. एवढेच नव्हे, तर पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी दाबून ठेवलेल्यांच्या मनात अस्वल अधिकच आले. दाबलेला विचार उसळी घेतो. म्हणजे “विचार करू नकोस” हा सल्ला म्हणजे त्या वैदूचेच औषध.

दुसरा समज याहून क्रूर आहे. वाईट विचार वाईट मनातच येतात म्हणे! रॅकमन आणि डी सिल्व्हा या दोन संशोधकांनी १९७८ साली दाखवून दिले की, ज्यांना कसलाही आजार नाही अशा बहुसंख्य माणसांच्या मनातही असे नकोसे, ओंगळ, भयंकर विचार येऊन जातात. कॅनडातील दोन संशोधक स्त्रियांनी नव्या आयांना विचारले आणि २००८ साली लिहिले की, बाळाला अपघात होईल हा विचार सगळ्यांनाच आला होता, आणि आपल्याच हातून त्याला इजा होईल असा नकोसा विचार जवळजवळ निम्म्या जणींना आला होता. बहुतेकांच्या मनात तो येतो आणि जातो. जिला तो अतिशय भयंकर वाटतो, जी त्याचा अर्थ लावीत बसते, त्याला घाबरून विळ्या लपवते, तिच्याकडे तो मुक्काम ठोकतो. मुलीवर माया होती म्हणूनच तो विचार मला डसला. आणि आपण मात्र आईला देव्हाऱ्यात बसवून तिची वाचाच बंद केली आहे.

कोणी म्हणेल, आमच्या वेळी असले काही नव्हते. होते, बाई, होते! कडेवर लेकरू घेऊन विहिरीच्या काठावर उभ्या राहिलेल्या तुमच्या आजीच्या मनात काय येऊन गेले, ते तिने कोणाला सांगितले नाही, इतकेच.

अखेर जिल्ह्याच्या गावी एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे मी गेले. त्यांनी मला ना घाबरवले, ना धीर दिला. म्हणाल्या, “या आठवड्यात विळी नुसती माळ्यावरून खाली आणा.” पुढच्या आठवड्यात मुलगी दुसऱ्या खोलीत असताना भाजी चिरायची, मग ती दारात असताना, मग शेजारी असताना. विचार आला तर हाकलायचा नाही, जप नाही, यांना विचारणे नाही. भीती चढेल तशी चढू द्यायची. ती चढली. वाटले, छाती फुटते. पण चढलेली भीती आपली आपण उतरते, हे मी स्वतः पाहिले. ही जादू नव्हे. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी या पद्धतीने रोगी बरे केल्याचे लिहिले, तेव्हापासून ही वाट रुळलेली आहे. काहींना तिच्याबरोबर गोळ्याही लागतात. त्यात लाज कसली?

यांनाही धडा मिळाला होता. मी विचारले, “मी काही करणार नाही ना?” की हे म्हणत, “ते मला ठाऊक नाही. भाजी कसली करते आहेस?” पहिल्यांदा मी रडले. महिन्याभराने हसले.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. बाळंतिणीला असला विचार योग्यच वाटू लागला, कोणी तसे करायची आज्ञा देते आहे असे भास होऊ लागले, ती भलतेसलते बोलू लागली, किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर ते प्रकरण निराळे. तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही फुकट सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि तिथे मराठीतही बोलता येते. २०१७ च्या कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवण्याचे बंधन घातले आहे. कायदा शहाणा झाला. आपली घरे केव्हा होणार?

दहावीपुढे न शिकलेल्या बाईने हे सांगावे, याचा कोणाला राग येईल. येऊ द्या. हल्ली “सकारात्मक विचार करा” असे सांगत फिरणाऱ्या पंडितांची वाण नाही. त्यांचेही औषध त्या वैदूचेच आहे, फक्त बाटली नवी.

समर्थांनी मनाला उपदेश करताना आधी त्याला सज्जन म्हटले. आपण मात्र त्याला चोरासारखे पकडायला धावतो. तेव्हा या दिवाळीत घरातले कोणी दबक्या आवाजात म्हणाले, “माझ्या मनात काहीतरी भलतेच येते,” तर दचकू नका, दृष्ट काढू नका, उपदेश करू नका. एवढेच म्हणा, “येते खरे असे. बस, सांग.” आणि लागलेच तर जाणकाराकडे जाताना तिच्याबरोबर जा.

माझी मुलगी दिवाळीसाठी घरी आली आहे. हे लिहीत असताना ती आत त्याच विळीवर चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करते आहे. विळीला धार लावायला हवी, अशी तिची तक्रार आहे.