खात्यात न दाखवलेली रक्कम

गेल्या महिन्यात रविवार कारंजाकडील एक व्यापारी स्नेही आपल्या सुनेसह घरी आले. थोरला नातू सात वर्षांचा. त्यास स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. धाकटी नात दीड वर्षाची, तिचा गोवर-रुबेला लसीचा दुसरा डोस राहिला होता. सून खालच्या आवाजात म्हणाली, "काका, लस दिल्यानंतरच थोरला बोलेनासा झाला. मीच त्याला घेऊन गेले होते. आता हिलाही नेऊ?"

मी डॉक्टर नाही. परंतु ही शंका ज्या शोधनिबंधातून जगभर पसरली, त्याचा इतिहास मी कर्जाची फाइल वाचावी तसा वाचला आहे.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १९९३ पासून गोवराचा विषाणू व आतड्यांचे विकार यांच्या संबंधावर लेखन केले. फेब्रुवारी १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा व बारा सहकाऱ्यांचा निबंध आला. मुले अवघी बारा. त्यांपैकी आठ जणांची लक्षणे गोवर, गालगुंड व रुबेलाच्या एकत्रित लसीनंतर दिसल्याचे पालकांचे म्हणणे होते. कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचा दावा निबंधात नव्हता. पण पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी या तीन लसी वेगवेगळ्या द्याव्यात, असे सांगितले. ब्रिटनमधील लसीकरण पुढे सुमारे ८० टक्क्यांपर्यंत घसरले.

कर्ज मंजूर करताना आम्ही दोन गोष्टी पाहत असू. अर्जदाराने अन्यत्र कोणाचे पैसे घेतले आहेत काय? आणि कागदावर दाखवलेला माल गोदामात आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर २००४ मध्ये ब्रायन डीअर या पत्रकाराने शोधले. लसनिर्मात्यांविरुद्ध दावे उभारणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते. पुढे हा आकडा चार लाख पौंडांहून अधिक असल्याचे उघड झाले. शिवाय १९९७ मध्येच त्यांनी गोवराच्या स्वतंत्र लसीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. निबंधात यातले काहीच नव्हते. त्या वर्षी दहा सहलेखकांनी निबंधातील अन्वयार्थ मागे घेतला.

मालाची तपासणी अधिक बोलकी आहे. मुलांच्या मूळ वैद्यकीय नोंदी निबंधाशी ताडून पाहता एकाही मुलाची हकिकत जशीच्या तशी जुळली नाही. पाच मुलांच्या विकासाविषयी तर लसीपूर्वीच चिंता नोंदलेली होती. २ फेब्रुवारी २०१० रोजी 'लॅन्सेट'ने निबंध पूर्णपणे रद्द केला व मे महिन्यात वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून काढण्यात आले. चुकीची नोंद दुरुस्त होण्यास बारा वर्षे लागली. आमच्या बँकेत एका दिवसाचा ताळमेळ लागला नाही तर रात्री घरी जाऊ देत नसत!

दरम्यान डेन्मार्कमध्ये २००२ साली पाच लाख सदतीस हजारांहून अधिक आणि २०१९ साली सहा लाख सत्तावन्न हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेच्या प्रमाणाचा फरक आढळला नाही.

आपल्यापैकी काही जण येथे अनेकांताचा आधार घेतात, दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात म्हणतात. मला हे पटत नाही. अनेकांत वस्तूच्या अनेक पैलूंविषयी आहे. खोट्या वहीस खऱ्या वहीच्या शेजारी मानाने बसवण्यासाठी नाही.

सुनेला मी एवढेच सांगितले, की स्वमग्नतेची लक्षणे बहुधा दुसऱ्या वर्षी ठळक होतात आणि लसीचा दुसरा डोसही सोळा ते चोवीस महिन्यांतच असतो. दोन तारखा शेजारी आल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. गोवर मात्र दूरचा नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत त्याने बालकांचे बळी घेतले आणि आपल्या जिल्ह्यातील मालेगावातही रुग्ण आढळले होते.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नाही ना झालं?"

स्नेही खिडकीबाहेर पाहू लागले. सात वर्षे त्या घरात हा प्रश्न कोणी उच्चारला नव्हता, आणि नातवाचे अपंगत्व प्रमाणपत्रही 'लोक काय म्हणतील' म्हणून काढले नव्हते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत अशा मुलांना एक लाखापर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते, हेही त्यांना ठाऊक नव्हते. ते कागद आता आम्ही दोघे मिळून करीत आहोत. धाकटीचा डोस त्याच आठवड्यात झाला.