विचारपूस हाही उपचारच

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी माणसांची वर्दळ असते. पण नापिकी आणि कर्जाने खचलेला माणूस वर्दळीतही एकटा पडतो. लोक काय म्हणतील या धास्तीने तो आधी बाजार टाळतो, मग सोयऱ्याधायऱ्यांकडचे कार्य, शेवटी घरातले बोलणेही. मनाचा आजार बळावतो तो या तुटलेपणात.

यावर उपाय आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी संवाद साधण्यात आला. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले, नैराश्यही १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. परभणीसह १४ जिल्ह्यांत २०१५ पासून राबवलेल्या, शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाचा पायाही आशा कार्यकर्त्याच आहेत. जगात सहापैकी एक जण एकाकी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितले, तेव्हा हा प्रश्न केवळ शहरांचा मानून चालणार नाही.

शेतमालाला भाव आणि कर्जातून सुटका हवीच. आपुलकी त्याला पर्याय नाही. पण कर्ज फिटेपर्यंत माणूस जगला पाहिजे. सरकारने आशाताईंना या कामाचा पुरेसा मोबदला आणि प्रशिक्षण द्यावे. ग्रामपंचायत, बचत गट, भजनी मंडळ यांनी दिसेनाशा झालेल्या माणसाच्या दारी जावे. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक चावडीवर लिहावा. आणि आपण प्रत्येकाने, अबोल झालेल्या शेजाऱ्याची आजच चौकशी करावी.