सुट्टीला बंद होणारी दारे

वाशीम जिल्ह्यातील मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातले एखादे शेतमजूर कुटुंब आयुष्यात प्रथमच नागपूर शहर पाहावयाचे ठरवते, तेव्हा ते दिवस कोणता निवडते? किरकोळ रजा, अर्जित रजा आणि वैद्यकीय रजा यांचा हिशेब ज्यांच्या सेवापुस्तकात चालतो, त्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मजुराच्या घरी तो तसा नाही. सोयाबीनच्या सोंगणीत रोज बुडवता येत नाही. मुलांची शाळा बुडवावी तर गुरुजी रागावतात. थोरला मुलगा वाशीमच्या दुकानात कामाला असतो, आणि त्याला मालक मधल्या वारी सोडत नाही. घरातील सर्व माणसे एकाच दिवशी मोकळी सापडतात ती सणाला, नाहीतर राष्ट्रीय सुट्टीला. म्हणजे सुट्टीचा दिवस हे कुटुंब निवडत नाही. त्याच्यापुढे दुसरा दिवसच नसतो.

आणि नेमक्या याच दिवशी शहर आपले दार लावून घेते. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला साऱ्या विदर्भात ‘अजब बंगला’ म्हणून ओळखतात, ते 1863 साली स्थापन झाले. प्राचीन शिल्पे, नाणी, शिलालेख, गोंडादी आदिवासींच्या जीवनाचे दर्शन, वन्य प्राण्यांचे दालन, असा हा विदर्भातील जनतेचा ठेवा आहे. तो सरकारी मालकीचा आहे, म्हणजे जनतेच्या पैशाने चालतो. परंतु सोमवार आणि शासकीय सुट्ट्या या दिवशी तो बंद ठेवण्याची रीत आहे. कचेरीला सुट्टी म्हणून संग्रहालयालाही सुट्टी! खातेऱ्यांनी भरलेली कचेरी आणि लोकांनी पाहावयाचे संग्रहालय यांत काही अंतर आहे, हे आपल्या नोकरशाहीच्या ध्यानी आलेलेच दिसत नाही.

या रीतीचा अर्थ दसऱ्याच्या दिवशी सर्वांत उघडा पडतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दर दसऱ्याला लक्षावधी माणसे दीक्षाभूमीवर येतात. वाशीम, यवतमाळ, बुलढाणा, अकोला येथील खेड्यांतून येणाऱ्या अनेकांचे हेच पहिले नगरदर्शन असते. भाकरीचे गाठोडे बांधून, लहान मुलांना कडेवर घेऊन आलेली ही माणसे वंदन करून परत फिरतात. त्यांपैकी कुणाच्या मनात आले की काही किलोमीटरवर असलेले संग्रहालयही मुलांना दाखवावे, तर दसरा ही शासकीय सुट्टी! 2025 साली तर दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, 2 ऑक्टोबरला आली. दोन सुट्ट्यांचे पुण्य एका दिवसात सामावले, आणि नियमाच्या बाजूने पाहिले तर दार दुप्पट घट्ट झाले. वर्षातून ज्या दिवशी विदर्भातील कष्टकरी जनता सर्वाधिक संख्येने नागपुरात असते, त्या दिवशी तिचाच वारसा तिला पाहावयास मिळू नये, याहून उफराटा कारभार कोणता?

कायद्याकडे पाहिले म्हणजे विसंगती अधिकच ठळक होते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 प्रमाणे कामगाराला वर्षातून आठ पगारी सुट्ट्यांचा हक्क आहे, आणि त्यांपैकी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या चार कायद्यानेच ठरवून दिलेल्या आहेत. लहान दुकाने व खानावळींतील पोरांपर्यंत हा कायदा पुरता पोहोचतही नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु ज्याला तो लाभतो, त्याला एका हाताने जे चार दिवस राज्याने दिले, तेच चार दिवस संग्रहालयाच्या दाराशी दुसऱ्या हाताने काढून घेतले जातात.

राज्याने प्रवासाच्या बाबतीत काही केले नाही असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. ज्या म्हातारीने तालुक्यापलीकडे पाऊल टाकले नव्हते, ती आज वाशीम आगाराच्या गाडीत बसू शकते. हा लोकांच्या मागणीचा विजयच होय. पण तिकीट अर्धे करून माणसाला शहराच्या फाटकापाशी आणून सोडायचे आणि फाटक लावून घ्यायचे, याला लोककल्याण म्हणत नाहीत.

कोणी म्हणेल, साप्ताहिक सुट्टी तरी हवीच ना? अवश्य हवी. परंतु ती कोणत्या वारी पडते, एवढेच पाहून भागत नाही. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. 2026 सालचा प्रजासत्ताक दिन सोमवारचा. अजिंठ्याशी वाशीमकरांचे नाते जुने आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले, हे तेथील शिलालेखच सांगतो. त्याच वत्सगुल्माच्या शाळकरी मुलांना मात्र आपल्या पूर्वजांचे कर्तृत्व पाहण्याआधी पंचांगाप्रमाणे बंद दिवसांचे कोष्टक धुंडाळावे लागते, आणि ते कोष्टक गावात कुणाकडेही नसते.

हे सारे अटळ आहे, प्रशासनाला दुसरा मार्गच नाही, हे म्हणणे मुंबईनेच खोटे पाडले आहे. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, दर बुधवारी बंद असते. परंतु बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी बाग उघडी ठेवावयाची आणि दुसऱ्या दिवशी बंद, असा महापालिकेचा ठराव आहे. प्राण्यांना विश्रांती मिळते, नोकरांना सुट्टी मिळते, आणि कामगाराच्या मुलांना वाघही पाहावयास मिळतो. एका ओळीचा ठराव! जे भायखळ्यात जमते ते नागपुरात का जमू नये?

एक आक्षेप मात्र आपल्याच बाजूने येईल, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. संग्रहालयाचा पहारेकरी, सफाई कामगार, तिकीट देणारा कारकून हेही श्रमिकच आहेत. त्यांच्या सणाचे काय? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रविवारी संग्रहालये उघडावीत म्हणून चळवळ झाली, तेव्हा धर्ममार्तंडांच्या जोडीने काही कामगारांनीही हीच शंका घेतली होती; आज संग्रहालय उघडले तर उद्या कारखानाही उघडेल, अशी त्यांना भीती होती. अखेर 1896 साली लंडनची राष्ट्रीय संग्रहालये रविवारी उघडली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली, ती कुणी सहज दिलेली नव्हती. तेव्हा एका श्रमिकाची सुट्टी दुसऱ्याच्या सुट्टीवर उभारावी, असे कोणी समाजवादी म्हणणार नाही. उत्तर सरळ आहे. सुट्टीला काम करणाऱ्यास दुप्पट वेतन आणि बदली रजा मिळावी, पाळ्या आळीपाळीने लावाव्यात, रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत, आणि हे काम कंत्राटदाराच्या गळ्यात घालून मोकळे होऊ नये. खर्च येईल. जनतेच्या शिक्षणाला खर्च येतोच.

दुसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण तोच खरा आहे. ‘सुट्टीला उघडे ठेवले तर खेड्यांतली गर्दी येईल, घाण करील, वस्तूंना हात लावील.’ दीक्षाभूमीवर येणाऱ्यांविषयी नाके मुरडणारी मंडळी हीच. पॅरिसच्या राजवाड्यातील लूव्र संग्रहालयाचे उद्घाटन झाले ते 10 ऑगस्ट 1793 रोजी, राजेशाही कोसळल्याच्या पहिल्या वर्षदिनी, सार्वजनिक उत्सवाच्या दिवशी. राजाचा खजिना लोकांचा झाला हे सांगण्यास क्रांतिकारकांना उत्सवाचाच दिवस योग्य वाटला. आपल्या प्रजासत्ताकाला मात्र प्रजासत्ताक दिनीच प्रजा दाराबाहेर उभी असलेली चालते!

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने आपली सर्व संग्रहालये सार्वजनिक सुट्टीला उघडी ठेवावीत व बदली सुट्टी नंतरच्या दिवशी द्यावी. दसऱ्याला नागपुरात प्रवेश विनामूल्य असावा. वर्षभरातील बंद दिवसांचा तक्ता दर जानेवारीत प्रत्येक एसटी आगारात, शाळेत व ग्रामपंचायतीत लावावा. कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी बोलूनच पाळ्या ठरवाव्यात.

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न करमणुकीचा म्हणून सोडून देऊ नये. मजुरी, रेशन, पीकविमा यांसाठी गावात सभा होते, त्याच सभेत या मागणीच्या निवेदनावर सह्या आणि अंगठे घ्यावेत. संग्रहालयातील कर्मचाऱ्यांनाही त्यात सामील करून घ्यावे. येत्या दसऱ्याला नागपूरला जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून ते निवेदन गेले पाहिजे. पोटाची लढाई लढणाऱ्याने डोळ्यांची भूक विसरावी, असा दंडक ज्यांनी घातला ते कष्टकऱ्यांचे मित्र नव्हते.