गोणी धरणारे हात

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पहाटे ट्रक लागतो, फाळका खाली पडतो आणि माथाडी कामगार कंबरेत वाकून पाठ पुढे करतो. ट्रकवरचे दोघे गोणीचे कान धरून ती त्याच्या पाठीवर सरकवतात. भार टेकला तरी वरचे हात लगेच सुटत नाहीत. खालच्याचे पाय रोवले जातात, मान सावरते, तो ‘सोड’ म्हणतो. मग हात निघतात आणि तो गाळ्यातल्या थप्पीकडे चालू लागतो.

यंदाचा हा दिवाळी अंक गोणीवर क्षणभर रेंगाळणाऱ्या त्या हातांविषयी आहे.

सातारा-सांगलीच्या गावांतून आलेल्या या कष्टकऱ्यांना एके काळी ना मजुरीची हमी होती, ना आजारपणात आधार. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना एकत्र बांधले. 1969 मध्ये माथाडी कायदा झाला आणि रोजच्या हमालीला फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा यांचे संरक्षण मिळू लागले. मालकासमोर ताठ उभे राहायचे बळ एकट्या हमालाला कुठून येणार? शेजारचाही कामावर जाणार नाही, ही खात्री असली की ते येते.

धीराची गोष्ट निघाली की कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमूची, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण होतेच. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि दहाच दिवसांत गेले. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याची जिद्द धरली. पती गोपाळराव यांनी मदतीसाठी एका मिशनऱ्याला पत्र लिहिले. धर्मांतर केले तर पाहू, अशा अर्थाचे उत्तर आले आणि हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापला गेला. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोरचे मासिक त्यांनी चाळायला घेतले आणि त्यात हे पत्र त्यांच्या नजरेस पडले.

घरी परतल्यावर त्यांनी कधीही न पाहिलेल्या त्या मुलीला लिहिले: अमेरिकेत आलीस तर माझे घर तुझे आहे.

पुढची जवळजवळ तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. आनंदीबाईंची प्रकृती खालावली तेव्हा कार्पेंटरबाईंनी औषधेही पाठवली. इकडे समाज टीका करत होता, बाईने समुद्र ओलांडणे हेच पाप मानले जात होते. 1883 च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कोलकात्याहून बोटीत बसल्या तेव्हा दुसऱ्या टोकाला एक घर उघडे होते. त्या घरातल्या बाईंना त्या मावशी मानू लागल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, त्या गेल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या आहेत.

मावशींनी भाचीचे आयुष्य लांबवले नाही. परक्या देशात, परक्या हवेत तिला डॉक्टर होईपर्यंत एकटे मात्र पडू दिले नाही.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने याच्याही पुढचे पाऊल टाकले. गर्दच्या व्यसनावरचे अनिल अवचट यांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले आणि 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनातून बाहेर पडलेली कितीतरी माणसे तिथेच कार्यकर्ते झाली. हात थरथरत आत आलेल्या नव्या रुग्णाला समोरच्याचे म्हणणे पटते, कारण समोरच्याचेही हात एके दिवशी असेच थरथरत होते.

‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याचे ओझे त्याने जागचे हलत नाही. माणूस जवळ येऊन वजनाचा अंदाज घेतो तेव्हा ते हलते. राहायला जागा हवी की सोबत? पैसे हवेत की फॉर्म भरून देणारे कोणी? की फक्त ऐकणारे कोणी? हे विचारायला वेळ काढावा लागतो.

खारघरच्या डोंगराकडेला टाटा स्मारक केंद्राची ‘अॅक्ट्रेक’ ही कर्करोगाची संस्था आहे. लांबलांबून रुग्ण येतात. सोबत फुगलेली फाइल, पाण्याची बाटली, डब्यात घरची पोळी-भाजी. अशा ठिकाणच्या बाकड्यांवर ओळखी पटकन होतात. पहिल्याच केमोला आलेल्या बाईला शेजारची विचारते, “कितवी?” मग स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल थोडा मागे सारून नुकते उगवलेले बोटभर केस दाखवते. नंबर पुकारला जातो. नवी बाई गडबडीने उठते, फाइल निसटू लागते, आणि शेजारची ती खालून हात लावून धरते. नव्या बाईची पकड नीट बसेपर्यंत.