आधी मासा, मग रॉड!

फ्लाय फिशिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिमाचलातली तीर्थन नदी, गुडघाभर थंडगार पाणी, ट्राऊट आणि डोक्यावर मस्त हॅट. मीही त्याच चित्राच्या प्रेमात पडले आणि दोन लेखांचं मानधन एका रॉडवर उडवून मोकळी झाले. लांबी ९ फूट, नंबर ५. ‘मॅडम, नवे लोक हाच नेतात,’ इति दुकानदार. झालं! पण माझ्या सुट्ट्या हिमाचलात नाही, बुलढाण्यात जातात.

दिवाळीत देऊळगाव राजा तालुक्यातलं खडकपूर्णा धरण गाठलं. मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेची रीतसर परवानगी काढली आणि मरळीसाठी आणलेला पिसांचा जाडजूड बेडूक झोकात भिरकावला. वाऱ्याने तो उलटा फिरला आणि थेट माझ्याच ओढणीत! शेजारी जाळं सांधत बसलेले काका हसले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘पोरी, तुले मासा कोनता पायजे?’

हा प्रश्न दुकानात कुणी विचारला नव्हता. खरं तर मी स्वतःलाही नाही.

फंडा साधा आहे. नेहमीच्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथे आमिष पिसाइतकं हलकं. त्यामुळे वजन दोरीतच असतं आणि रॉड वाकून ती दोरी फेकतो. रॉडवरचा नंबर म्हणजे त्याला कोणत्या वजनाची दोरी चालेल, ते. मासा ठरला की आमिष ठरतं, आमिषावरून दोरी आणि दोरीवरून रॉड. आपण नेमके उलटे जातो.

छोट्या माशांना आणि बारीक आमिषाला ५ नंबर झकास. पण मरळ असते गवतात, शेवाळात. तिथून तिला ओढून काढायला आणि धरणावरच्या वाऱ्यात बेडूक फेकायला ८ नंबर हवा. लांबी ९ फूटच ठेवा. फार ताठ रॉड नको. मध्यम लवचीक असला की दोरीचा भार हाताला कळतो. चार तुकड्यांचा घेतलात तर एस.टी.तही मावतो. बजेट कमी असेल तर रीलवर वाचवा, दोरीवर नको. आणि आधी मैदानात सराव करा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. डोळ्यांवर चष्मा मस्ट!

आणखी एक. पावसाळ्यात मरळ पिल्लांची राखण करते. तेव्हा तिच्या वाटेला जायचं नाही.

८ नंबरसाठी आता पैसे साठवतेय. या वेळी दुकानात पहिलं वाक्य माझं असेल : ‘भाऊ, मला मरळ धरायचीय!’