पाय गार पडले म्हणे!

मेसमध्ये एखाद्याची किंमत करायची असली की दोन शब्द पुरतात: ‘कोल्ड फीट’. आपण त्याला कच खाणं म्हणतो. ऐन वेळी हातपाय गाळणारे असतात, त्यांची वकिली मला करायची नाही. राग आहे तो हे शब्द कुणालाही चिकटवणाऱ्यांवर. मोहीम लांबली की टीव्हीवरचे रणधुरंधर लगेच विचारतात, ‘घाबरले का?’ (विचारणाऱ्याचे पाय एसीनेच काय ते गारठलेले असतात.)

१९६२ चा सप्टेंबर आठवा. थागला कड्यापासून चिन्यांना हुसकावण्याचा हुकूम दिल्लीहून सुटला. ३३ कोअरचे लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांचं म्हणणं साधं होतं: तिथे रस्ता नाही, दारूगोळा नाही, थंडीचे कपडे नाहीत, ते आधी द्या. त्याऐवजी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नेफाची जबाबदारीच त्यांच्याकडून काढून नव्या ४ कोअरकडे, म्हणजे जनरल कौल यांच्याकडे दिली गेली. कौल उत्साही होते. नामका चूच्या काठावर ब्रिगेडियर दळवींचे जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. पाय गार पडले होते ते त्यांचे, अगदी शब्दशः. तरी जागा त्यांनी सोडली नाही. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला आला आणि काही तासांत ७ ब्रिगेड मोडली.

आता सांगा, कच कुणी खाल्ली? हिंमत गेलेला माणूस सबबी सांगतो आणि गप्प बसतो. उमराव सिंगांनी काय हवं ते सांगितलं होतं. मागणी आणि सबब यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याचं धैर्य मोजायला बसू नये.

१९७१ च्या एप्रिलमध्ये आपण ‘आत्ता नाही’ म्हणालो, ही हकीकत माणेकशॉ पुढे रंगवून सांगत. तपशिलावर इतिहासकार भांडोत, पण कारणं खरी होती: पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या पसरतात, आणि उन्हाळ्यात हिमालयातल्या खिंडी चीनला मोकळ्या असतात. इंदिराबाईंनी वेळ दिला. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली. मधल्या आठ महिन्यांत रोज रात्री नऊ वाजता त्यांना भित्रा ठरवणारं कुणी नव्हतं, हे देशाचं नशीब.