हप्त्यावरची थार विकून जुनी जीप घ्यावी का? एरंडोलच्या रस्त्यांवर हे गणित कसं बसतं

एरंडोल, पारोळा, धरणगाव या पट्ट्यात चारचाकी दुहेरी कामाला लागते. सकाळी शिवारात चक्कर, दुपारी जळगावला बँक, दवाखाना नाहीतर बाजार समिती. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरून ठेवते, म्हणून फोर बाय फोर हवी. बाकीचे आठ महिने गाडी डांबरावरच असते. अशा घरांत गेल्या काही वर्षांत थार आली, आणि तिच्यासोबत हप्ताही आला.

आता त्याच घरांत उलटा विचार सुरू आहे. थार विकायची, कर्ज मिटवायचं आणि लाख-दोन लाखांत जुनी एमएम ५४०, जिप्सी किंवा पहिल्या पिढीची थार घ्यायची. दुरुस्ती गावातला मिस्त्री करेल, हप्त्याची कटकट संपेल, असा हिशेब.

हिशेब ऐकायला सरळ आहे. पण २०२५ मध्ये या हिशेबातले निम्मे आकडे बदलले. नव्या गाड्यांवरचा जीएसटी बदलला, जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाचं शुल्क वाढलं, पेट्रोलमधलं इथेनॉल वाढलं आणि दिल्लीतल्या जुन्या गाड्यांच्या बातम्यांनी सगळीकडे गोंधळ उडवला. एकेक मुद्दा बघू.

आत्ताच हा प्रश्न का?

पहिलं कारण म्हणजे शेतीचा पैसा आणि बँकेचा हप्ता यांचं वेळापत्रक जुळत नाही. कापसाचा पैसा वर्षातून एका हंगामात येतो, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. २०२५-२६ साठी केंद्रानं मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव ठरवला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. बाहेरचा कापूस स्वस्तात येणार म्हटल्यावर भावाची धाकधूक वाढली.

दुसरं कारण महामार्गाचं. सुरत-कोलकाता महामार्ग, म्हणजे आधीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, एरंडोलवरून जातो. तरसोद ते फागणे हा टप्पा चौपदरी झाल्यावर जळगाव-धुळ्याकडची ये-जा वेगाची झाली. त्यामुळे रोजचे किलोमीटर वाढले. गाडी घेताना डोळ्यांसमोर शिवार होतं, पण आज तिचा जास्त वेळ हायवेवर जातो.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते का?

नाही. महाराष्ट्रात असा सरसकट नियम नाही. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून, गाडी ठीक असेल तर, ती ५-५ वर्षांनी वाढवता येते.

गोंधळ झाला तो दिल्लीमुळे. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना तिथे इंधनच द्यायचं नाही, असं ठरलं आणि काही दिवसांत थांबवलंही गेलं. पुढे १२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं फक्त वयाच्या कारणावरून कारवाई करू नका, असं सांगितलं. १७ डिसेंबरला हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं.

एरंडोलच्या माणसाला याचं काय? एक तर तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत विकल्या जातात. पण परराज्यातली गाडी आणायची म्हणजे तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, इथे नव्यानं नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर, एवढं सगळं आलं. स्वस्त म्हणून आणलेली गाडी दारात येईपर्यंत स्वस्त राहतेच असं नाही.

जुन्या गाडीच्या कागदांना किती लागतात?

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या खासगी कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळा टप्पा केला. त्यात कारला १०,००० रुपये लागतात. मुदत उलटून गेली तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये वेगळे.

याशिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर आहे. २०१० मध्ये तो लागू झाला तेव्हा पाच वर्षांसाठी पेट्रोल कारला ३,००० आणि डिझेल कारला ३,५०० रुपये असा दर होता. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते. चारचाकीसाठी तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी.

म्हणजे २० वर्षांवरची डिझेल जीप धरली तर शुल्क आणि पर्यावरण कर मिळून साधारण १३,५०० रुपये, तेही पाच वर्षांतून एकदा. वर्षाला २,७०० रुपये पडले. ऐकायला मोठा वाटतो, पण निर्णय फिरवणारा हा खर्च नाही.

विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता गाडीच्या वयावर ठरत नाही, इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १,५०० सीसीच्या वरच्या खासगी कारला तो २०२२ पासून वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे. त्यामुळे २,१८४ सीसीची नवी डिझेल थार असो की २,११२ सीसीची जुनी एमएम ५४०, इथे बचत शून्य. उलट जुन्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा काढायला कंपन्या फारशा उत्सुक नसतात.

मग पैसा वाचतो कुठे आणि जातो कुठे?

एक उदाहरण मांडून बघू. समजा दहा लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साधारण २१,००० रुपये बसतो. पाच वर्षांचं एकूण व्याज होतं सुमारे २ लाख ६० हजार.

हे व्याज सारखं वाटलेलं नसतं, सुरुवातीला जास्त जातं. तीन वर्षं हप्ते भरून झाले असतील तर मुद्दल उरतं साधारण ४ लाख ५७ हजार आणि पुढच्या दोन वर्षांचं व्याज उरतं फक्त ४७ हजारांच्या आसपास. म्हणजे ‘कर्जातून सुटायचं’ म्हणून चौथ्या वर्षी गाडी विकणाऱ्यानं व्याजाचा मोठा भाग आधीच भरलेला असतो. सुटका हवी असेल तर ती पहिल्या दीड-दोन वर्षांत जास्त फायद्याची.

आता डिझेल. रोज एरंडोल-जळगाव जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले तर १,५०० किलोमीटर होतात. एक गाडी लिटरला १३ देते आणि दुसरी १०, असं धरलं तर महिन्याला साधारण ३५ लिटर जास्त लागतात. ९० रुपये लिटरनं हे ३,१०० रुपये झाले, वर्षाला ३७ हजार. कागदांच्या २,७०० रुपयांपुढे हा आकडा ठेवला की खरा खर्च कुठे आहे ते कळतं.

त्यात दुरुस्ती आली. जुन्या महिंद्रा जीपला इथे एक फायदा आहे. एकेकाळी कमांडर आणि काळी-पिवळी जीपवरच खान्देशातली खेडी चालली. त्यामुळे हे इंजिन उघडणारे हात अजून सापडतात. क्लच प्लेट, कमानपाटे, नोझल यांसाठी शोरूमला जावं लागत नाही. पण दुरुस्ती स्वस्त असली तरी ती किती वेळा निघते, हेही बघावं लागतं. केळीची गाडी भरायची आहे, मजूर उभे आहेत आणि जीपचा सेल्फ गेलाय. या खोळंब्याचा पैसा कुठल्याच बिलात दिसत नाही.

नव्या गाडीतही सगळं गोड नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. गाव ते शेत अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्याच असतील तर जाळी भरत जाते आणि दिवा लागतो. म्हणजे नवं डिझेल हायवेवर खूश असतं, तर जुनं शिवारात.

पेट्रोलची जिप्सी घेतली तर?

मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली. हलकी, चिखलातून निघणारी गाडी. पण ती पेट्रोलवर चालते आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ज्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत, त्यांचं ॲव्हरेज ३ ते ६ टक्के घटू शकतं, असं सरकारनंच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. जुन्या गाड्यांतले रबरी पाइप आणि सील बदलावे लागू शकतात, हेही मान्य केलं. खर्च फार मोठा नाही, पण घेतानाच धरावा लागतो. डिझेल जीपला हा प्रश्न नाही.

जीएसटी कमी झाला, त्याचा काय परिणाम?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांत १,२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असेल तर कर १८ टक्के झाला. बोलेरो आणि दीड लिटर डिझेलची टू-व्हील ड्राइव्ह थार यात बसतात. आधी त्यांच्यावर उपकरासह ३१ टक्के होता. २.२ लिटरची फोर बाय फोर थार मात्र ४० टक्क्यांत आहे. आधी तिच्यावर ४८ टक्के होता. दीड लिटर पेट्रोलची जिम्नीही ४० टक्क्यांतच.

याचे अर्थ दोन. साध्या गाडीला करात १३ टक्क्यांची सूट मिळाली, फोर बाय फोरला ८ टक्क्यांची. त्यामुळे फोर बाय फोरची हौस आधीपेक्षा तुलनेनं महाग पडते. आणि नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली येतो. थार विकायला काढणाऱ्यानं २०२५ च्या सुरुवातीचा भाव डोक्यात ठेवून चालणार नाही.

हिशेबात न बसणारी गोष्ट

नव्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले. तिला दोन एअरबॅग आणि एबीएस आहेत. एमएम ५४० किंवा जिप्सीत यातलं काही नाही. २०१० ते २०२० मधल्या पहिल्या थारमध्येही एअरबॅग नव्हत्या.

शिवारात वीसच्या वेगानं जाताना याचा फरक पडत नाही. चौपदरी महामार्गावर, मागून ट्रक येत असताना, पोरांना शाळेत सोडताना पडतो. वर्षाला लाख-दोन लाख वाचवणारा हिशेब इथे येऊन थांबतो. रोजचा रस्ता हायवेचा असेल तर जुनी उघडी जीप ही बचत नसून जोखीम आहे.

तरीही घ्यायचीच असेल तर काय बघायचं?

इंजिन आणि चॅसी क्रमांक आरसी बुकाशी जुळतात का, हे आधी बघा. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं, बॉडी कापून उघडी केलेली असणं नेहमीचं आहे. कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. असा बदल नोंदवलेला नसेल तर नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडकते आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो.

नोंदणीची मुदत किती उरली, जुनं कर्ज आरसीवर चढलेलं आहे का, ई-चलान थकलंय का, हे परिवहन विभागाच्या पोर्टलवर दिसतं. पन्नास वर्षांवरची विलीज कुणी ‘व्हिंटेज’ नोंदणीसह विकत असेल तर लक्षात ठेवा, अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते.

थार विकणाऱ्यालाही एक काळजी घ्यावी लागते. नाव बदलेपर्यंत कागदावरचा मालकच जबाबदार धरला जातो. अपघाताच्या भरपाईबाबत सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हेच सांगितलं. सही करून चावी दिली म्हणजे विषय संपला, असं होत नाही.

मग करायचं काय?

गाडीचा नाही, रस्त्याचा हिशेब आधी करावा. महिनाभर वहीत लिहून ठेवा, किती किलोमीटर डांबर, किती शेतरस्ता आणि फोर बाय फोरचा गिअर किती वेळा टाकला. बहुतेक घरांत ट्रॅक्टर असतो आणि खऱ्या चिखलाच्या दिवशी तोच बाहेर निघतो. मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत-पाणंद रस्ते होतील तसे चिखलाचे दिवस आणखी कमी होतील.

रोजचा वापर गाव ते शेत असा दहा-पंधरा किलोमीटरचा असेल आणि घरात हायवेसाठी दुसरी सुरक्षित गाडी असेल, तर कागद चोख असलेली जुनी डिझेल जीप चांगली चालेल. कर्ज नवीन असेल तर सुटकाही मोठी. एकच गाडी असेल आणि रोज जळगाव असेल, तर थार विकून जुनी जीप घेण्यात हाती फारसं उरत नाही. हप्ता झेपतच नसेल तर अशा घरासाठी तिसरा रस्ता बरा. थार विकून एअरबॅगवाली, तीन-चार वर्षं वापरलेली बोलेरोसारखी साधी गाडी घ्यावी आणि चिखल ट्रॅक्टरवर सोडावा.